तांबडे, निळे आणि गढूळ पाणी

प्राध्यापकबाईंनी उभी हयात एका तळ्यातल्या माशांपायी घालवली. लग्नाचं राहूनच गेलं. "हिचा संसार पाण्यात," असं आई म्हणायची, आणि ते खोटंही नव्हतं.

मासे बोटभर लांबीचे. काठच्या उथळ पाण्यातल्या नरांचे गळे तांबडे, खोलातल्यांचे निळे. पूर्वी कधीतरी ही एकच जात होती. बाईंनी वर्षानुवर्षं जाळी टाकून, माशांची जनुकं तपासून दाखवून दिलं, की आता तिच्या दोन जाती झाल्यात आणि त्यांच्यामधली भिंत म्हणजे फक्त माद्यांचे डोळे. मादी आपल्याच जातीच्या रंगाचा नर निवडते, दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

"म्हणजे तुझ्यापेक्षाही चोखंदळ!" थोरला भाऊ हसायचा.

भाऊ ठेकेदार होता. बरीच वर्षं त्याला धड काम मिळत नव्हतं, वहिनीच शिकवण्या घेऊन घर ओढत होती. मग तळ्याच्या काठाने रस्ता करायचं मोठं काम त्याच्याकडे आलं. टेकडीचा उतार कापला गेला आणि सुटी माती पाण्यात उतरू लागली. काठाचं पाणी दुधाच्या चहासारखं झालं.

बाई भावाला हे सांगायला त्याच्या घरी गेल्या. वहिनी स्टुलावर चढून खिडक्यांना नवे पडदे लावत होती. भाऊ खालून "डावीकडे, अगं तुझ्या डावीकडे!" असं ओरडत होता. त्या घरात इतकं हसू बाईंनी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

"बोल, काय काम काढलंस?"

"काही नाही रे दादा. सहज आले."

ओठांवर आलेलं त्यांनी गिळून टाकलं. मुक्या माशांपायी सख्ख्या भावाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? गाळ काय, आज ना उद्या बसेल खाली.

तो बसला नाही. रस्ता झाला, पण उतार उघडाच राहिला. दर पावसाळ्यात माती येत गेली. काही वर्षांनी जाळ्यात भलतेच मासे येऊ लागले: ना धड तांबडे, ना धड निळे, राखाडीकडे झुकणारे. सुरुवातीला बाईंनी स्वतःचीच समजूत घातली, की आजारी असतील. पण जनुकं तपासली तेव्हा दोन्ही जातींची सरमिसळ झालेली निघाली. गढूळ पाण्यात माद्यांना रंग दिसतच नव्हते. ज्याची गाठ पडेल तो आपला.

जाती बनतात तशा विरघळूनही जातात, तेही माणसाच्या डोळ्यांदेखत, असा शोधनिबंध बाईंनी लिहिला. त्याचा केवढा गाजावाजा झाला! मासे वेगळे होते तोवर त्यांना काळं कुत्रं विचारत नव्हतं. ते संपले आणि बाईंचं नाव झालं.

भाऊ फुलांचा गुच्छ घेऊन प्रयोगशाळेत आला. केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे, पण बहिणीचा अभिमान चेहऱ्यावर मावत नव्हता. "मला कळेल असं सांग बरं, नेमकं काय शोधलंस."

बाईंनी सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

भाऊ राखाडी माशांच्या काचेच्या टाकीकडे वळला. "म्हणजे माती माझ्या रस्त्याची."

बाईंनी मान डोलावली.

"मेले का गं सगळे?"

"नाही. मेले असते तर कुणी हळहळलं तरी असतं. आहेत, भरपूर आहेत. फक्त ते तांबडे नि ते निळे आता कुठेच नाहीत."

"तुला तेव्हाच दिसलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस? अगं, उताराच्या पायथ्याशी दगडांचा बांध घातला असता, माती तिथेच अडली असती. आठवड्याचं काम होतं ते!"

"मला वाटलं, तुझं काम जाईल."

"मला विचारायचंस तरी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि बाईंना तेच सोसवेना.

पुढच्या उन्हाळ्यात भावाने जुनी माणसं गोळा करून स्वतः उभं राहून तो बांध घातला. वर झुडपं लावली. पाणी हळूहळू निवळलं. एके सकाळी दोघं होडीतून गेली तेव्हा तळाचे गोटे स्वच्छ दिसत होते.

"आता दिसतंय की सगळं," भाऊ आशेने म्हणाला. "आता निवडतील ना आपापले?"

"निवडतील. पण कशातून? दोन्ही रंग एकाच अंगात मिसळलेत, दादा."

"पुन्हा वेगळे नाही होणार?"

"होतीलही. पहिल्यांदा हजारो वर्षं लागली होती."

भावाने वल्ही आत घेतली. होडीखालून माशांचा घोळका निघाला, चांगले धष्टपुष्ट, चपळ मासे. बाई होडीच्या कडेवरून वाकून एकेकाचा गळा न्याहाळत राहिल्या. भाऊही शेजारी येऊन वाकला आणि त्यांच्याबरोबर शोधू लागला.