काचेमागच्या मॅडम

श्रेयाला भुताखेतांची भीती नव्हती. भीती होती ती एका काळ्या फोनची. परळच्या त्या संस्थेत, जिथे एकट्या माणसाऐवजी अख्ख्या कुटुंबावर उपचार करायला शिकवतात, रीतच तशी होती. खोलीत शिकाऊ समुपदेशक आणि समोर कुटुंब. एका भिंतीला मोठा आरसा, पलीकडून मात्र आरपार दिसणारी काच, आणि त्यामागे अंधारात बसून सगळं बघणाऱ्या दुर्गामॅडम. कुटुंबाला हे आधीच सांगितलेलं असायचं. काही चुकलं की फोन वाजणार. शिकणारी पोरं म्हणायची, "रिंग वाजली की विकेट पडली."

आणि मॅडम तरी काय बाई होत्या! गिरगावच्या, पासष्टी उलटलेली, साडीवर कॅनव्हासचे बूट, तोंडात आवळासुपारी. नवराबायको हमरीतुमरीवर आले की फोनवर एवढंच सांगायच्या, "आधी पोरीला विचार, तिला कधीपासून झोप नाही." विचारलं की दोघंही गप्प! श्रेयाने दोन वर्षं हे बघितलं आणि मनोमन त्यांच्या पाया पडत राहिली.

आज तिची शेवटची बैठक. ही पार पडली की पुढची कुटुंबं तिची एकटीची. पण खरं टांगणीला लागलं होतं ते आज येणाऱ्या कुटुंबातल्या सुनेचं, मनवाचं. कॉटन ग्रीनच्या चाळीत सासू वारल्यापासून सासरे गुणाजी रोज ताट सरकवून द्यायचे, "तिच्या हातची चव नाय" म्हणून. नवरा हितेंद्र मान खाली घालून जेवायचा. शेवटी मनवा बॅग भरून माहेरी शीवला गेली. अट एकच घातली: "एकदा कुणा तिऱ्हाइतासमोर बसू. तिथेही माझं कुणी ऐकलं नाही, तर मी शीवलाच बरी."

तिघं आले. गुणाजींनी मधली खुर्ची पकडली आणि श्रेयाला न्याहाळलं.

"गाव खंयचा गो तुझा?"

"पिंगुळी."

"पिंगुळी! अगो, माजी मावशी थंयची!"

झालं! लालबागच्या मालवणी घरात वाढलेली पोर ती, विरघळली. कुळथाची पिठी निघाली, दशावतार निघाला, गेलेली बायको निघाली. म्हातारा ढसाढसा रडला. श्रेयाने त्याच्याच बोलीत त्याला समजावलं. चाळीस मिनिटं झाली, फोन काही वाजला नाही. श्रेयाला वाटलं, जिंकले!

संस्थेची आणखी एक रीत होती. शेवटी जागा बदलायच्या. कुटुंबाने काचेमागे बसायचं आणि उजेडातल्या खोलीत गुरुशिष्यांनी त्यांच्याविषयी बोलायचं, त्यांना ऐकू जाईल असं. पाठीमागे चर्चा नाही, जे काय ते तोंडावर.

मॅडम आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "श्रेया, मनवाचा आवाज कसा आहे गं?"

श्रेयाला तो आठवेच ना. आत येताना "नमस्कार" म्हणाली होती, तेवढंच.

"मॅडम, तुम्ही फोन का नाही केलात?"

"हात सारखा फोनवर जात होता. पण माझ्या धाकाने तू तिला एक प्रश्न विचारला असतास आणि पुन्हा पिंगुळीला गेली असतीस. तुझं तुला कळायला हवं होतं." मग आरशाकडे वळून त्या सरळ म्हणाल्या, "पण तुझ्या शिकण्यापायी मी मनवाची वेळ घालवली. मनवा, चूक माझी आहे. माफ कर मला."

चाळीस वर्षं नाव कमावलेली बाई परक्या सुनेची माफी मागते! श्रेयाला भरून आलं. तीही आरशाकडे वळली. त्यात फक्त तिचाच चेहरा दिसत होता.

"तुम्हाला तिऱ्हाईत हवं होतं, मनवाताई. मी गाववाली होऊन बसले. आमच्या घरीही हेच. आजोबांशी सगळे गप्पा मारतात आणि आई पानं वाढते. आईला काय वाटतं ते कुणीच विचारत नाही. मीसुद्धा नाही विचारलं कधी."

मॅडमनी आवळासुपारीची डबी श्रेयापुढे केली आणि तिघांना परत आत बोलावलं.

गुणाजी या खेपेला मधल्या खुर्चीवर बसले नाहीत. त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"मनवा, तू हंय बस." इतका वेळ सून त्यांच्या बोलण्यात नुसती "ही" होती. हितेंद्रने चमकून वर बघितलं. मग गुणाजी श्रेयाला म्हणाले, "आता माका काय इचारू नको, हिका इचार. मी माज्या बायकोक पण कधी इचारूक नाय."

मॅडम बाहेर गेल्या. मिनिटभराने काळा फोन वाजला. श्रेयाने तो उचलला.

"मी खाली चहाला चालले," मॅडम म्हणाल्या. "काचेमागे आता कुणी नाही."

श्रेयाने फोन ठेवला आणि खुर्ची मनवाकडे वळवली. "मनवाताई, सांगा."

मनवाने पदर सारखा केला. मग सासऱ्यांकडे बघून म्हणाली, "चवीला नावं ठेवा, बाबा, चालेल. पण ताट सरकवू नका. मला वाटतं, मलाच सरकवलंत."

तिचा आवाज थोडा घोगरा होता, आणि भलताच ठाम.