दादाला खरवडताना

दोघे भाऊ एकाच घरात राहत आणि भांडायचं असलं तरच एकमेकांशी बोलत. त्यामुळे बोलणं रोज होई. वरच्या मजल्यावर थोरला, माजी सैनिक संघाचा अध्यक्ष. खाली धाकटा. तांब्याच्या प्लेटवर सुईनं चित्र ओढायचं, ती ॲसिडमध्ये बुडवायची, रेघांत शाई भरून छाप काढायचे, हा त्याचा धंदा. ॲसिडचा वास वर जाई, भाषणांची तालीम खाली येई. नाकाला जास्त सोसावं लागतं की कानाला, यावर घरात एकमत नव्हतं.

युद्धाला दोघे एकाच तुकडीतून गेले होते. परतल्यावर थोरल्यानं त्यावर भाषणं केली, धाकट्यानं चित्रं. स्मारकाच्या नव्या सभागृहात ही चित्रं लावायचं ठरलं, कारण भिंती लांबलचक होत्या आणि पराक्रम तेवढा पुरेना. एका चित्रापाशी मात्र अध्यक्ष अडले. जळतं घर, धुरात रॉकेलचा डबा घेऊन उभा एक जण, त्याच्या पायाशी वाकून काडी ओढणारा दुसरा.

"हे घर शत्रूनं जाळलं," थोरला म्हणाला. "प्रत्येक भाषणात सांगतो मी."

"म्हणूनच चित्र काढलं."

"डबेवाला काढून टाक."

"तो तू आहेस."

"मग काय शेजारी आहे म्हणून सांगतोय?"

"आणि काडीवाला मी आहे. तुला पुसला की मी एकटाच उरतो, दादा. जाळायचं दोघांनी आणि भिंतीवर लटकायचं एकट्यानं?"

"मग स्वतःलाही पुस."

"म्हणजे घर आपसूक पेटलं?"

थोरल्यानं छपाईच्या प्रेसवर हात ठेवला. ते लोखंडी धूड चार माणसांनाही हलत नसे. "ही खोली माझ्या नावावर आहे. हे उद्या रस्त्यावर ठेवू?"

"फाटकासमोर ठेवू नका हं," जिन्यावरून वहिनी म्हणाल्या. "गाडी निघत नाही."

धाकट्यानं खरवडणी उचलली. थोरला खुर्ची ओढून पहाऱ्याला बसला. आधी डबा गेला, मग हात, मग चेहरा. तेल लावून घोटल्यावर तांबं लखलखलं. त्यात थोरल्याला आपला चेहरा दिसला आणि तो त्याला आवडला.

मग धाकट्यानं प्लेट पालथी घातली आणि हातोडा घेतला.

"ए! हातोडा कशाला?"

"खरवडलं तिथं खळगा पडलाय. मागून ठोकून वर आणला नाही, तर..."

"तर प्लेट शाबूत राहील! माझ्यादेखत मोडशील आणि गावभर सांगशील, दादानं मोडायला लावली. माझी सायकल अशीच 'दुरुस्त' केली होतीस तू."

"अरे, ऐकून तरी घे."

"आण इकडे."

हातोडा थोरल्याबरोबर वरच्या मजल्यावर गेला. सांगायचं राहिलेलं खालीच राहिलं.

उद्घाटनाला चित्र झळकलं. खळग्यात शाई साचून राहिली होती. जिथं आधी धुरात जेमतेम दिसणारा माणूस होता, तिथं आता डोक्यापासून पायापर्यंत एक मळकट डाग ताठ उभा होता. लोक बाकीची भिंत सोडून तिथंच थांबत आणि विचारत, "इथून कुणाला काढलंय हो?" संघाच्या चिटणिसाला अध्यक्षपद हवं होतं. त्यानं डाग निरखला, मग अध्यक्षांना निरखलं. "उंची ओळखीची वाटते," तो म्हणाला.

थोरला दार न वाजवताच खाली आला. "मुद्दाम केलंस तू."

"हातोडा तुझ्याकडे होता."

"हा घे. ठोक आता!"

"ठोकतो. आज डाग पाहिला, उद्या तोही दिसला नाही की लोक म्हणतील, दुसऱ्यांदा लपवला."

थोरल्यानं प्रेसचं चाक धरलं. "मग परत काढ मला," तो म्हणाला. "धुरात. होतो तसा. निदान तेव्हा कुणी बघत नव्हतं."

"आता बघतील."

"काढ म्हटलं ना!"

धाकट्यानं प्लेट स्वच्छ पुसली, सुई घेतली. थोरला समोर उभा राहिला, फोटोला राहतात तसा, छाती काढून.

"असा नव्हतास," धाकटा म्हणाला. "जा, वरून डबा घेऊन ये."