रुग्णाचा उजवा, आपला डावा

ओळ १
मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. कृत्रिम दात बनवणाऱ्या कारखान्यात राहतो, पण माझ्यात कोणी प्लास्टर ओतत नाही. मी संगणकातला. नवं पान उघडलं की ते माझ्यासारखं उघडतं, एवढंच माझं काम.

ओळ २
माझा जन्म कटकटीतून झाला. दवाखान्यांतून येणाऱ्या दातांच्या मागण्या टाइप करणाऱ्या नणंदबाईंची नजर अधू. रोज अक्षरं मोठी करा, रकाने रुंद करा. शिवाय रुग्ण समोर बसला की त्याचा उजवा दात आपल्या डावीकडे येतो. तिथे त्यांची हमखास गल्लत.

मालक म्हणाले, "आणखी एक दात चुकला, तर तुम्ही खोकी बांधायला."

मेणाचे दात कोरणारी भावजय हात पुसत आली.

"वन्सं, सरका."

"आलीस शहाणपण शिकवायला?"

"शिकवत नाही. एकदाच करून ठेवते."

तिने अक्षरं ठसठशीत केली. डावीकडे 'रुग्णाचा उजवा', उजवीकडे 'रुग्णाचा डावा' असे रकाने आखले. मग मला साचा म्हणून जतन केलं आणि प्रोग्रॅम सुरू होताना ज्या फोल्डरमध्ये डोकावतो, तिथे बसवलं.

ओळ ३
त्यानंतर बाजू चुकली नाही. कौतुक झालं नणंदबाईंच्या नव्या चष्म्याचं.

ओळ ४
(रिकामी. नवा संगणक आला. मी जुन्यातच राहिलो.)

ओळ ५
नव्यावर मुंगीएवढी अक्षरं. एका आजोबांची दाढ कोरताना भावजय थबकली: कागदावर डावी, आजोबांच्या जबड्याच्या प्लास्टरच्या ठशात फट त्यांच्या उजवीकडे. ती गुपचूप टेबलापाशी आली.

"वन्सं, माझा साचा कुठाय?"

"जुन्या डब्यात असेल. तो न्यायला भंगारवाला जिन्यात उभा आहे बघ!"

ती धावली. पेन ड्राइव्हवरून मला आणलं आणि घाईत डेस्कटॉपवर ठेवलं. नवं पान तरीही कोरं करकरीत.

"हा नुसताच बसलाय की गं!"

"पाहुण्यासारखा दारात ठेवला, तर बसेलच."

मग तिने मला योग्य फोल्डरमध्ये नेलं.

"काय चाललंय तिकडे?" मालकांनी विचारलं.

"दाढ कोरतोय!" दोघी एकदम म्हणाल्या.

ओळ ६
मित्रांनो, यंत्र बदलाल तेव्हा फोटो, गाणी आठवणीने न्याल. आम्हालाही न्या. आम्ही दिसत नाही, पण कुणाची तरी खुर्ची आमच्यावर टेकलेली असते.

आज सकाळी नणंदबाईंनी नवं पान उघडलं. अक्षरं मोठी आली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आजोबांची दाढ या वेळी पहिल्या रकान्यात, डावीकडे, भरली.