फुलीखालचे शब्द

मी बोलतेय, दाजी तांडेलांच्या होडीतली जाडजूड वही. १९५८ साली गुरुदास मास्तरांनी मला मेणकापड चढवलं आणि दाजींच्या हाती दिलं.

आमचं गाव खाडीपलीकडे, बाजार मालवणात. सकाळी धक्क्यावर माणसं दाजींना बाजारातली कामं सांगत, मास्तर ती माझ्यात लिहीत. दाजींना वाचता येई, लिहिता येत नसे. झालेल्या कामापुढे ते रेघ ओढत, न झालेल्यापुढे फुली. कारण कोणी विचारत नसे. "दाजीन फुली मारल्यान म्हणजे अख्खा मालवण बंद!" म्हणून लोक हसत.

एकदा काशीबाईंची लेक सीता तापाने फणफणली. काशीबाईंनी इंजेक्शनची चिठ्ठी दिली. संध्याकाळी माझ्यावर फुली होती.

"गावाक नाय गो," औषध मिळालं नाही म्हणून दाजींनी सांगितलं.

मालवणात औषधच नाही असं समजून जावई सत्यवान फोंडाघाटातून कोल्हापूरला गेला. तिसऱ्या दिवशी तो औषध घेऊन आला, तेव्हा सीता गेली होती.

पुढच्या आठवड्यात औषधवाल्याने दाजींना हटकलं, "चिठ्ठीवर डॉक्टरांची सही आणणार होता ना? औषध काढून ठेवलंय मी."

डॉक्टरांचं घर आमच्या धक्क्याला लागूनच होतं. सहीचं दाजींनी ऐकलं होतं. गावी पोचेपर्यंत त्याचं नुसतं 'मिळालं नाही' झालं होतं.

बाजार तसाच टाकून दाजी परतले आणि काशीबाईंच्या घरापुढच्या खळ्यात जाऊन सगळं बोलले. मी त्यांच्या काखेत होते. मेणकापड घामाने निथळत होतं.

काशीबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माज्या सीताचो, माज्या चेडवाचो निरोप तू अर्धोच आणलंस, दाजी."

पन्नाशीतले दाजी मास्तरांकडे अक्षरं गिरवायला बसले. फुलीखाली ते समोरच्या दुकानदाराचे शब्द लिहू लागले. 'किल्ली मालकाकडे, मालक देवगडला, सोमवारी येणार.' 'माप दिलं नाही म्हणतो.' पदरचं काही घालत नसत. लोक आता वाचून घेत. काशीबाई मात्र धक्क्याकडे फिरकल्या नाहीत.

आता माझं शेवटचं पान आलंय. परवा, दोन वर्षांनी, काशीबाई आल्या आणि त्यांनी काम सांगितलं: चष्मा आणायचा. संध्याकाळी दाजींनी फुली दाखवली. त्या डोळे बारीक करून पाहत राहिल्या. दाजींनी वाचलं, "डाव्या काचेक तडो गेलो, नवी बसवतंय, गुरुवारी येवा, असां तो बोललो."

"बरां," काशीबाई म्हणाल्या. "गुरुवारी जा."

उद्या माझ्या जागी नवी वही येईल. तिच्यात कामं लिहिणाऱ्यांनो, प्रत्येक कामाखाली दोन ओळी मोकळ्या सोडा.