तिकडचे सव्वानऊ

विमानात बसलेला माणूस पोचेपर्यंत कुलसुमबीच्या घरात झाडू लागत नसे. तिचे शोहर नजमुद्दीन बावीस वर्षं मस्कतला नोकरीला होते, त्यामुळे नियम चांगलाच मुरलेला. मुंबई ते मस्कत पंधराशे साठ किलोमीटर, पावणेतीन तास. आठचं विमान असलं की पावणेअकराला चौलात फोन वाजायचा, "पोचलो. इथं सव्वानऊच वाजलेत, तुझ्यापेक्षा दीड तासानं तरुण झालो." हा विनोद त्यांनी बावीस वर्षं केला. ती प्रत्येक वेळी हसली.

आता मुलगा फहाद आणि सून मेहेक मस्कतला होती. आठ दिवसांची सुट्टी संपवून फहाद काल एकटाच मुंबईला गेला. आज सकाळी आठला त्याचा फोन आला, "बसलो अम्मी, मोबाईल बंद करतो." कुलसुमबी तसबीहची माळ घेऊन पडवीत बसली.

शेजारच्या कृष्णाबाई कुंपणापाशी थांबल्या. "आज झाडलं न्हाय?"

"फहाद वर आहे."

कृष्णाबाईंनी आभाळाकडे पाहिलं. "पोचंल गो," म्हणाल्या आणि गेल्या.

सव्वानऊला फोन वाजला.

"पोचलो अम्मी! एकदम आरामात."

कुलसुमबीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते बरोबर चालत होतं. पोराने तिकिटावरची पोचायची वेळ पाठ केली होती. ती तिकडच्या घड्याळाची असते, एवढं मात्र विसरला होता. इथल्या सव्वानऊला विमान अजून समुद्रावर असतं.

"एवढ्या लवकर?"

"वारा मागून होता."

त्याच्या मागून वारा नव्हे, रिक्षावाला ओरडत होता, "करंजा, करंजा! चला, एक सीट!"

करंजा म्हणजे उरणचा धक्का. चौलहून रेवसपर्यंत एसटी, पुढे लाँच. दीड-पावणेदोन तास.

"कधीपासून आहेस उरणला?"



"तिकडची नोकरी गेली ना. इथं कंटेनर यार्डात लागलो. तुला वाईट वाटेल म्हणून..."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली. मेहेक म्हणाली, जवळ आहोत कळलं तर दर जुम्म्याला जावं लागेल."

नजमुद्दीनना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी फहाद फोनवर हमसाहमशी रडला होता. विमानात एकही सीट नाही, म्हणाला होता. तरी कुलसुमबीने लोकांच्या हातापाया पडून मय्यत दुपारच्या असरच्या नमाजापर्यंत थांबवली होती. पोरगा चौथ्या दिवशी आला. हातात मस्कतच्या खजुराचा डबा होता.

"अब्बा गेले तेव्हा तू उरणलाच होतास?"

"अम्मी, ऐक ना..."

"एक सीट!" मागचा माणूस अजून ओरडतच होता. "करंजा, एकच सीट!"

कुलसुमबीने फोन ठेवला. उठून कोपऱ्यातला झाडू घेतला आणि पडवी झाडायला लागली. माणूस तर पोचलेलाच होता.