वरच्या बोल्टचे आटे

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीचा स्टार्टर आहे. गॅरेजातले लोक मला 'सेल्फ' म्हणतात. तुम्ही मला पाहिले नसेल, कारण मी इंजिनाच्या कुशीत, तेलकट अंधारात राहतो. पण ऐकले नक्की असेल. किल्ली फिरवल्यावर गाडी जागी होण्याआधी जो आवाज येतो, तो माझा. माझे एक लहान दातेरी चाक पुढे सरकते, इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दातांत आपले दात अडकवते, त्याला दोन-तीन गरके देते आणि मागे येते. झाले माझे काम. इंजिन दिवसभर राबते आणि नाव कमावते. माझी सगळ्या जन्माची नोकरी एकत्र केली तर आठ-दहा दिवस भरतील. पण ते तीन सेकंद नसतील तर गाडी म्हणजे चाके लावलेले पत्र्याचे खोके.

आमची गाडी खिडक्यांच्या काचा वाहते. मागे लाकडी चौकट आहे, तिला फेल्टचे जाड, मऊ कापड ठोकले आहे, आणि तिच्यात काचा उभ्या, एकमेकींना चिकटून बसतात. म्हणून आमच्याकडे गाडीला धक्का मारायची सोय नाही. धक्का मारून सुरू केलेली गाडी हिसका देते, आणि काचेला हिसका म्हणजे मरण. सारी भिस्त माझ्यावर. धाकटा, म्हणजे गाडीचा ड्रायव्हर, पहिल्या किल्लीला गाडी सुरू झाली की स्टिअरिंगवर दोन बोटे वाजवी. तेवढेच माझे कौतुक. मला ते पुरत असे.

गाडीची देखभाल त्याच्या थोरल्या भावाकडे. घरात त्यांना दादा म्हणतात आणि रस्त्यावर मिस्त्री. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये एक खड्डा, खड्ड्यात उतरून दादांनी चाळीस वर्षे गाड्यांची पोटे पाहिली. आपल्या गाडीला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. साधी हवा भरायला नेली तरी म्हणत, "का? मी मेलो का?"

मला धरून ठेवायला दोनच बोल्ट आहेत. खालचा दिसतो. वरचा दिसत नाही, तो चाचपून लावावा लागतो. बोल्ट पोलादाचे, पण ज्या कवचात ते शिरतात ते अ‍ॅल्युमिनियमचे. त्या भोकाच्या आत गोल चढत गेलेल्या खाचा असतात, त्यांना आटे म्हणतात. बोल्ट सरळ शिरला तर आटे त्याला वर्षानुवर्षे धरतात. तिरपा शिरला तर पोलादापुढे त्या मऊ धातूचे काय चालणार? म्हणून दादांचा नियम होता, आणि तो त्यांनी धाकट्याला पढवला होता: पहिले तीन वेढे बोटांनी, मग पाना. बोटाला अडलेले कळते, पान्याला कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझे ब्रश, म्हणजे आत वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे, झिजले. दादांनी मला खाली उतरवले, उघडले, नवे ब्रश घातले, पुसून चकाचक केले. मग पुन्हा जागेवर चढवले. खालचा बोल्ट लागला. वरचा बोल्ट घेऊन त्यांचा हात माझ्या डोक्यावरून आत आला आणि मला त्यांची बोटे थरथरताना जाणवली. बोल्ट दोनदा निसटून खड्ड्यात पडला. तिसऱ्यांदा त्यांनी तो कसाबसा भोकाच्या तोंडाशी टेकवला आणि बोटांनी वेढे न देता थेट पाना लावला.

मला ते लगेच कळले. बोल्ट तिरपा चढत होता. कर्र करून आटे सोलले गेले आणि पाना एकदम सैल फिरला. दादांनी बोल्ट बाहेर काढला. त्याच्या अंगाला चांदीच्या केसासारखी कात गुंडाळली होती. ती त्यांनी तळहातावर घेतली आणि बराच वेळ पाहिली.

"झालं का हो?" दादांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, स्वयंपाकघरातून विचारले. "चहा तिसऱ्यांदा गरम करतेय. आता तो चहा राहिला नाही, काढा झालाय."

"होतंय," दादा म्हणाले.

त्यांनी एका जुन्या वायरीतून तांब्याच्या दोन तारा ओढल्या, दुमडून भोकात कोंबल्या आणि त्यांवरून बोल्ट आवळला. बोल्ट धरला. तारेने धरला, आट्यांनी नाही. हीच युक्ती दुसऱ्या कुणी केली असती तर दादांनी त्याला शेडबाहेर हाकलले असते. त्यांनी कात फडक्यात पुसली आणि फडके कचऱ्याच्या डब्यात खोल दाबले.

तीन-चार महिने निभावले. मग तार दबली, बोल्ट ढिला झाला आणि मी कलंडलो. फार नाही, नखाएवढा. पण दात दातांत बसेनात. किल्ली फिरली की माझे चाक मोठ्या चाकाच्या दातांवरून घासत जाई. खर्रर्र! गल्लीतली कुत्री उठून बसत. ती माझी तक्रार होती, मित्रांनो. मला दुसरी भाषा येत नाही.

"समोरच्या आजोबांचा खोकला बरा," वहिनी म्हणाल्या. "त्यांना निदान औषध तरी मिळतं."

धाकटा हसला नाही. त्याला सगळे समजत होते. दादांच्या हातातून कप निसटताना त्याने पाहिला होता, सदऱ्याची बटणे वहिनी लावून देतात हेही पाहिले होते. एकदा त्याने भीत भीत विचारले, "दादा, सेल्फ जरा घासतोय का?"

"थंडीने होतं तसं. किल्ली हळू फिरव."

"बरं."

दिवस उन्हाळ्याचे होते. दोघांपैकी एकानेही आभाळाकडे पाहिले नाही. थोरला बोलेना, कारण बोलला तर मिस्त्रीपण जाणार. धाकटा बोलेना, कारण बोलला तर ते त्याच्याच तोंडून जाणार. मधल्या मध्ये माझे आणि मोठ्या चाकाचे दात झिजत राहिले.

शेवटी व्हायचे ते झाले. एका शाळेच्या अकरा काचा घेऊन आम्ही निघालो होतो. वाटेत चौकात गाडी बंद पडली. धाकट्याने सात-आठ वेळा किल्ली फिरवली. मी नुसता खरखरलो. मागे भोंग्यांचा कल्लोळ झाला. चार माणसे धावून आली. "काका, न्यूट्रल करा, ढकलतो!" धाकटा "नको, काच आहे" म्हणेपर्यंत गाडी हलली होती. त्याने नाइलाजाने गिअर टाकला. हिसका बसला. मागून जो आवाज आला, तो मी आजही विसरलेलो नाही. अकरापैकी दोन काचा वाचल्या.

धाकट्याने इंजिन बंद न करता शाळेत जाऊन मान खाली घालून सांगितले, आणि परतताना गाडी घराकडे वळवली नाही. गावाबाहेर एका बाईचे गॅरेज होते. ती जाड भिंगाचा चष्मा लावून काम करी. तिने मला उतरवले, भोकात विजेरी मारली आणि चिमट्याने तांब्याची काळवंडलेली तार बाहेर ओढली.

"अहो काका, हा उद्योग कुणी केला?"

धाकट्याने क्षणभर तारेकडे पाहिले. "मीच केला, ताई. यूट्यूबवर बघून."

"आता पुन्हा बघाल?"

"नाही बघणार."

तिने भोक मोठे केले, नवे आटे पाडले आणि त्यांत पोलादी तारेचे वेटोळे फिरवत बसवले. आता बोल्टाला धरायला मऊ धातू नव्हता, पोलाद होते. मोठ्या चाकाची दातांची कडी बदलली, माझे लहान चाकही बदलले. मग तिने वरचा बोल्ट घेतला, डोळे मिटले आणि बोटांनी वेढे दिले. एक, दोन, तीन. मग पाना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात धाकट्याने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. वहिनी म्हणाल्या, "अगंबाई! खोकला गेला!" दादा उंबऱ्यात उभे होते. त्यांनी आवाज ऐकला. इतक्या वर्षांचा कान तो, त्याला सांगावे लागले नाही. ते गाडीजवळ आले नाहीत. "चांगला बसलाय," एवढेच म्हणाले आणि आत गेले.

त्या दिवसापासून ते शेडमध्ये उतरले नाहीत. पाने खिळ्यांना लटकत राहिले. धाकट्याला ते बघवेना. आठवडाभराने त्याने किल्ली फिरवली तेव्हा मी नुसता टक् वाजलो.

"दादा, बघता का जरा? सुरूच होत नाहीये."

दादा खाटेवरून उठले नाहीत. "पुन्हा फिरव."

टक्.

"बॅटरीची क्लिप सैल केलीस," दादा म्हणाले. "रडणाऱ्या पोराला खुळखुळा देतात, तसं काम देतोस मला?"

धाकट्याने किल्ली काढून घेतली.

"आटे माझ्या हातून गेले. तुला माहीत होतं. मला माहीत होतं की तुला माहीत आहे." दादांनी कंप सुटलेला हात पांघरुणाखाली घेतला. "त्या काचा मी फोडल्या. जा, क्लिप आवळ, कामाला उशीर होतोय. आणि पुढे ज्याने हे केलं त्याच्याकडेच नेत जा. हात चांगला आहे त्याचा."

धाकट्याने क्लिप आवळली. मी सुरू झालो. त्याने स्टिअरिंगवर बोटे वाजवली नाहीत.

मित्रांनो, मला खरखरण्यापलीकडे बोलता येत नाही. तुम्हाला येते. सोललेले आटे नवे बसवता येतात, मी त्यांवरच उभा आहे. पण त्याआधी कुणीतरी "आटे गेले" असे म्हणावे लागते. तुमच्या घरातही एखाद्या जाणत्या हाताला कंप सुटला असेल. त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करू नका आणि त्याला खोटी कामेही देऊ नका. त्याच्या शेजारी खड्ड्यात उतरा. तो सांगेल तसा बोल्ट तुमच्या बोटांनी लावा.

आमच्या घरी एवढेच करायचे राहून गेले.