वरची कवळी

आईने त्याच्या बोटाला कचकन चावा घ्यायचा प्रयत्न केला, तरी धाकट्याने हात मागे घेतला नाही. सव्वीस वर्षं तो दातांच्या कवळ्या बनवत होता. असले चावे त्याच्या पाचवीलाच पुजलेले.

"आ कर, आई. मी आहे."

तिने ओठ आणखी घट्ट मिटले.

"परवा मी काढायला गेले तर थोबाडीत बसली माझ्या," दारातून वहिनी म्हणाली. "तुम्ही तरी सांभाळून, भावजी."

अकरा वाजता गाडी येणार होती. विसर पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारं एक केंद्र गावाबाहेर होतं. आईची पिशवी भरून तयार होती आणि दादाने फॉर्मवर सहीसुद्धा ठोकली होती. जाण्याआधी दातांचं काय ते बघून टाक, म्हणून त्याने धाकट्याला बोलावून घेतलं होतं.

वर्षभरात आई निम्मी झाली होती. घास तोंडात घोळवायची आणि मग गुपचूप उशीखाली ठेवायची. वहिनीला कधी मावशी समजायची. दिवसातून दहादा एकच पालुपद लावायची, "हे दात माझे नाहीत. माझे ते घेऊन गेले." ते म्हणजे बाबा. त्यांना जाऊन चौदा महिने झाले होते.

"चष्मा ठेवून गेले, काठी ठेवून गेले," दादा आल्यागेल्याला सांगायचा, "आणि दात तेवढे हिचे नेले!"

आलेगेले हसायचे. फोनवर ऐकून धाकटाही हसला होता. डॉक्टरांनी भ्रम असं लिहून दिलं, आणि कागदावर आलं म्हटल्यावर कुणी वाद घालत नाही. दात टोचतात म्हणते, असं वहिनीने कळवलं, तेव्हा या वयात हिरड्या आकसतात, कवळी सैल होते, एवढं सांगून धाकट्याने चिकटवायच्या पेस्टच्या चार ट्यूब पाठवून दिल्या होत्या. स्वतः यायला जमलं नव्हतं. गावभरच्या तोंडांत दात बसवणाऱ्याला सवड कुठली!

त्याने तिच्या जबड्याच्या सांध्यावर हळूहळू अंगठा फिरवला. तोंड सैलावलं. पेस्टच्या पिवळ्या थरांसकट वरची कवळी सुटून हातात आली, आणि त्याने वाकून आत बघितलं. टाळू लालभडक सोललेला होता. हिरडीवर दोन्ही बाजूंनी पांढऱ्या कडांच्या जखमा होत्या.

"वहिनी, ही शेवटची कधी काढली होती?"

"काढू देतात कुठे? डॉक्टर म्हणाले, जबरदस्ती करू नका. मी नुसती कडेने पेस्ट भरत होते."

तो मोरीत गेला आणि नळाखाली कवळी घासू लागला. प्रत्येक कवळीच्या टाळूच्या भागात, पारदर्शक थराखाली तो एक छोटी चिठ्ठी बंद करायचा. तिच्यावर पेशंटचा नंबर असायचा, कामात अदलाबदल होऊ नये म्हणून. आईबाबांच्या कवळ्या त्याने एकाच आठवड्यात केल्या होत्या, आणि आपल्या माणसांना कसला नंबर द्यायचा म्हणून गमतीने चक्क नाती लिहिली होती.

पेस्ट निघाली. चिठ्ठी दिसू लागली. त्याच्याच हस्ताक्षरात लिहिलं होतं: बाबा.

त्याने कवळी उलटी करून पाहिली, मग पुन्हा सुलटी केली. नळ तसाच वाहत राहिला.

बाबा गेले त्या दुपारी घर माणसांनी भरलं होतं. बाबांच्या तोंडाचं बोळकं झालेलं त्याला बघवेना. "हे माझं काम आहे," असं म्हणून तो इथे, याच मोरीत आला होता. फळीवर दोघांच्या कवळ्यांच्या दोन वाट्या होत्या. डोळ्यांना धारा लागलेल्या असताना त्याने एक उचलली. बाबांच्या तोंडात कवळी नीट बसत नव्हती. त्याने अंगठ्याने ती दाबून बसवली होती. माणूस गेल्यावर चेहरा बदलतो, असं तेव्हा वाटलं होतं. आई शेजारीच बसलेली होती.

"झालं का रे?" दादा आत आला. "गाडी उभी आहे."

धाकट्याने कवळी त्याच्या हातावर ठेवली. दादाने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचलं. एकदा वाचून भागलं नाही.

"ही बाबांची? मग हिची?"

"हिची मी बाबांना घातली."

दादा पालथ्या बादलीवर मटकन बसला. वहिनीने तोंडाला पदर लावला.

"चौदा महिने," ती म्हणाली. "मी रोज चिकटवत होते हो."

बाहेर हॉर्न वाजला. दादा उठला, टेबलावरचा फॉर्म उचलून त्याने खिशात कोंबला आणि गाडी परत पाठवायला गेला.

धाकटा आईच्या पायाशी बसला. तिचा हात त्याने दोन्ही हातांत धरला.

"आई, तू तिथेच होतीस. मला तेव्हाच का नाही अडवलंस?"

दातांशिवाय बोलायला तिला वेळ लागत होता. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नीट, ओळखीने.

"तू किती रडत होतास रे," ती म्हणाली. "चारचौघांत कसं सांगायचं? म्हटलं, सगळे गेले की सांगू."

जरा थांबून ती म्हणाली, "सांगितलं मग."

वहिनीने कोमट पाण्याचा तांब्या आणि मिठाची बरणी आणून त्याच्यासमोर ठेवली. तोंडातल्या जखमांसाठी मिठाच्या गुळण्या कशा करायच्या, हे तो दिवसातून दहा जणांना सांगत असे. त्याने चमचा हातात घेतला. मीठ किती घालायचं, ते त्याला काही केल्या आठवेना.